दोरीच्या दुसऱ्या टोकाला

बूटवाल्याला डोंगराचा हेवा कधीच वाटला नाही. डोंगर कुणाच्या बापाचा नसतो. आज तुला वर घेतो, उद्या मला. त्याच्या पोटात दुखायला लागलं ते एका बाईमुळे. ती दुकानात आली, काउंटरवर अडतीस नंबरचे बूट ठेवले आणि म्हणाली, "काका, चिक्कूदादांनी पाठवलंय मला."

आता बघा, चिक्कू बूटवाल्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा. तो दादा आणि हा काका! बूटवाल्याने बूट हातात घेतले, उलटे करून तळ पाहिला आणि मनातल्या मनात म्हणाला, संपलं, हिचं आणि आपलं जमायचं नाही.

बाई एका शाळेत खेळ शिकवायची. वय तिशीच्या आतबाहेर, अंगाने काटकुळी, आणि कड्याला हात लावला की अशी सरसर वर जायची की क्लबात तिला सगळे खारच म्हणायचे. यंदा क्लबाची मोहीम मोठ्या शिखरावर निघाली होती आणि चिक्कूच्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला खार बांधली जाणार होती.

हे दुसरं टोक अठरा वर्षं बूटवाल्याचं होतं. ज्यांनी बर्फ फक्त शीतपेटीत पाहिलाय त्यांना हे सांगायला हवं. बर्फावर दोघं एका दोरीला बांधून घेतात. एकाचा पाय भेगेत गेला तर दुसऱ्याने आहे तिथे आडवं पडायचं, हातातली कुऱ्हाड बर्फात रोवायची आणि त्याला धरून ठेवायचं. नाही धरलं तर दोघंही गेले. लग्नाची गाठ बूटवाल्याने एकदाच बांधली होती. चिक्कूशी हजारदा बांधली असेल. त्याची बायको हे जाणून होती आणि चारचौघांत बोलूनही दाखवायची.

चिक्कू हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. एक चॉकलेट तो सहा दिवस पुरवायचा, आणि तेही तंबूत तोंड फिरवून खायचा. बोलायला महाफटकळ. "गाढवा, दोर ओढ," "मेल्या, पाय कुठे टाकतोस," याखेरीज अठरा वर्षांत त्याने बूटवाल्याला हाक मारली नाही. बूटवाल्याला मात्र त्या शिव्या गोड लागायच्या. प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात, हा बहिरासुद्धा झाला होता.

मग नऊ वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या पायाची चार बोटं गेली. बर्फाने काळी पडली, डॉक्टरांनी काढून टाकली. शिखराजवळ उंचीमुळे चिक्कूचं डोकं फिरलं, बूटवाल्याने त्याला ओढत, उचलत खाली आणलं, आणि त्यात उशीर होऊन बोटं गेली, ही हकीकत क्लबात सगळ्यांना तोंडपाठ होती. चिक्कूला तर जास्तच. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहा वाजता तो रिकाम्या हाताने बूटवाल्याच्या घरी यायचा, दोन कप चहा प्यायचा, मित्राच्या पायाकडे चोरून बघायचा आणि बारा वाजता उठायचा. लहानसहान मोहिमेवर कधी याच्या, कधी त्याच्या दोरीला बांधलेला असला तर गोष्ट वेगळी, एरवी एक रविवार चुकला नाही. "मैत्री म्हणतात ती ही," असं बूटवाला बायकोला सांगायचा. बायको नुसतं "हं" म्हणायची.

चढणं संपलं म्हणून बूटवाल्याने चढणाऱ्यांच्या बुटांचं दुकान टाकलं. झिजलेले तळ काढायचे, नवे चिकटवायचे, उसवलेली शिवण मेणाच्या दोऱ्याने पुन्हा घालायची. कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बूट तयार झाला की तो डोळे मिटून आत हात घालायचा आणि बोटांनी अख्खं अस्तर चाचपायचा. एखादी सुरकुती, एखादा गोंदाचा खडा राहिला तर वर त्याचा फोड होतो आणि फोडाचं पुढे काय होतं हे त्याच्याएवढं कुणाला ठाऊक असणार?

खारीचे बूट त्याने चार दिवस ठेवून घेतले. खोटं कशाला बोला, टाचेपाशी शिवण घालताना त्याच्या मनात आलं, दोन टाके ढिले सोडले तर? मग स्वतःचीच लाज वाटून त्याने तिथे दुहेरी शिवण घातली, आणि दिवसभर बायकोवर खेकसत राहिला.

बूट न्यायला ती आली तेव्हा पायात घालून दुकानभर चालली, दोन उड्या मारल्या आणि खुशीत म्हणाली, "वा काका! दादा म्हणालेच होते, तुमच्यासारखा कारागीर नाही."

"असं म्हणाला?" बूटवाल्याचा आवाज जरा मऊ झाला.

"हो. म्हणाले, स्वभावाने कुजका आहे, पण हातात कला आहे."

बूटवाला खूश व्हायचं की चिडायचं ते ठरवतोय तोवर तिने खुर्ची ओढली. "एक विचारू? तुम्ही अठरा वर्षं त्यांच्या दोरीवर होतात. आम्ही मिळून तीनदाच सरावाला गेलोय. खूप वर गेल्यावर त्यांचं काय सांभाळायचं? काही खूण असेल, सवय असेल, मला सांगून ठेवा ना."

सरळ प्रश्न होता, सरळ मनाने विचारलेला. आणि बूटवाल्याकडे उत्तर होतं. एक नाही, पन्नास होती; त्यातलं एक तर लाखमोलाचं होतं, जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. ते ओठावर आलंही. पण तिने ते किती हक्काने मागितलं! नणंदेने कपाटाच्या किल्ल्या मागाव्यात तसं. अठरा वर्षांचं माझं, आणि हिला पंधरा मिनिटांत हवं?

"सांभाळायचं काय?" तो म्हणाला. "कुक्कुलं बाळ आहे का तो? बूट रोज रात्री झोपायच्या पिशवीत घेऊन झोप, म्हणजे कडक व्हायचे नाहीत. जा."

ती गेली. संध्याकाळपर्यंत बूटवाला शीळ घालत होता. शीळ का घालतोय, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

मोहीम गेली. पाच आठवडे दर संध्याकाळी पाच वाजता क्लबाच्या खोलीत मंडळी जमायची. क्लबाचा सेक्रेटरी औषधांचा दुकानदार होता. तो शटर ओढून धावतपळत यायचा आणि उपग्रहाच्या फोनवरून बेस कॅम्पशी बोलायचा. मग खुर्चीवर उभा राहून बातमी सांगायचा, जणू काही स्वतःच वर जाऊन आलाय. बूटवाला मागच्या बाकावर बसायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "इकडून जात होतो, डोकावलो."

त्या दिवशी सेक्रेटरी खुर्चीवर चढला तोच हसत. "मंडळी, शेवटच्या कॅम्पवर पोचले! हवा स्वच्छ, वारा नाही. रात्री बाराला शिखराकडे निघणार. सगळे ठणठणीत. आणि आता ऐका, चमत्कार! आपल्या चिक्कूने स्वतःजवळचं सगळंच्या सगळं चॉकलेट खारीला देऊन टाकलं!"

"काय सांगता!"

"अहो, वर आणखी म्हणाला, तूच माझी खरी जोडीदार. अख्खा बेस कॅम्प हसतोय."

"आता शिखर आपणहून खाली येईल!" कुणीतरी ओरडलं आणि खोली खदखदून हसली.

बूटवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. खरी जोडीदार! तीन सराव आणि पाच आठवडे, आणि खरी जोडीदार! मग आम्ही अठरा वर्षं काय दोरीला लटकलेलं गाठोडं होतो? तो उठला, कुणाशी न बोलता खाली उतरला, आणि लंगडत, रस्त्यातल्या प्रत्येक दगडाला लाथ मारत घरी आला.

बायको इस्त्री करत होती. त्याने चपला भिरकावल्या. "दिलं! सगळं चॉकलेट दिलं तिला!"

"कुणी कुणाला?"

"कुणी म्हणजे? चिक्कूने! तुझ्या त्या खारीला!"

"माझी कशी? सवत तुमची आहे," बायको म्हणाली आणि कॉलर उलटी करून तिच्यावर इस्त्री फिरवली.

"चेष्टा नको करूस. अठरा वर्षं मी त्याच्यासाठी मर मर मेलो. मला एक तुकडा दिला का कधी?"

"कधीच नाही दिला?"

"एकदाच. त्या दिवशी, शिखराच्या खाली..."

आणि तो थांबला.  बायकोने इस्त्री उभी ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा भिंतीला धरून हळूच खाली बसला.

"अहो, काय झालं? कुठल्या दिवशी?"

"बोटं गेली त्या दिवशी."

नऊ वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते त्याने मग जमिनीवर बसल्या बसल्या सांगितलं. शिखर तासाभरावर राहिलं होतं. चिक्कू मध्येच बसला, खिशातून अख्खं चॉकलेट काढलं आणि म्हणाला, घे मित्रा, तू खा. मित्रा! स्वतःच्या हाताने भरवलं. तुझ्यासारखा जोडीदार जन्मात मिळायचा नाही म्हणाला. असा चिक्कू कुणी पाहिला होता का? उंचीने मेंदूला सूज येते तेव्हा कुणी बरळतं, कुणी रडतं. चिक्कू प्रेमळ होतो. बूटवाल्याला ते तिथेच, त्याच क्षणी कळलं होतं. दोरी आखडून तेव्हाच खाली वळायला हवं होतं. पण हा बसला. अर्धा तास त्याच्या खांद्याला खांदा लावून बसला, चॉकलेट चघळत, कौतुक ऐकत. मग वर शिखरालाही घेऊन गेला. तिथे चिक्कू कोसळला.

"तेव्हाच उतरलो असतो तर दिवसाउजेडी तंबूत असतो," बूटवाला म्हणाला. "बोटं त्याच्यामुळे नाही गेली. माझ्या हावरटपणामुळे गेली."

बायकोने इस्त्रीचं बटण बंद केलं. "आणि तो बापडा नऊ वर्षं समजतोय की आपल्यामुळे गेली."

"हो."

"आणि तुम्ही समजू दिलंत."

"नाहीतर आला असता का दर रविवारी?" बूटवाला एकदम ओरडला. "ज्याला दोन पाय धड आहेत तो लंगड्याच्या घरी चहा प्यायला कशाला येईल?"

ती त्याच्यासमोर खाली बसली. "आता त्याला पुन्हा तसंच झालंय का?"

"झालंय. आणि बाराला वर निघणार आहेत. वर गेला तर संपला, दुसऱ्यांदा काही वाचायचा नाही."

"मग उठा. फोन करा."

"नुसतं चॉकलेट दिलं म्हणून शिखर सोडून कोण खाली येईल? ती विचारेल, कशावरून. सगळं सांगावं लागेल. सगळ्यांच्या देखत. तोही ऐकेल." त्याने गुडघ्यात मान घातली. "मग तो यायचा नाही. आणि तिला काय, खरी जोडीदार आहे ना? तिची ती बघेल!"

"अहो, सवतीवरचा राग आहे तर सवतीला शिव्या घाला," बायको म्हणाली. "त्याचा जीव कशाला घेताय?"

बूटवाला उठला. चपला सापडेनात तर तसाच निघाला.

सेक्रेटरी क्लबाला कुलूप लावत होता. "उद्या पाच वाजता," तो म्हणाला. बूटवाल्याने त्याच्या हातातली किल्ली ओढून घेतली. आजवर त्याने कुणाशी अशी झटापट केली नव्हती. सेक्रेटरीने मुकाट्याने फोन जोडून दिला. बेस कॅम्पवरच्या माणसाने आपला फोन वॉकीटॉकीला चिकटवला, म्हणजे वर तंबूत बोलणं पोचेल. त्यामुळे झालं असं, की बूटवाला जे बोलला ते डोंगरावरच्या प्रत्येक तंबूत ऐकू गेलं.

"खारे, त्याला खाली आण. आत्ता."

"काका? का?" तिचा आवाज खरखरत आला. "दादा मजेत आहेत. एवढे आनंदात मी त्यांना कधी..."

"तेच सांगतोय! तो आनंदात नसतो कधी!" आणि मग बूटवाल्याने सांगितलं. भरवलेलं चॉकलेट, अर्धा तास, चघळत ऐकलेलं कौतुक, सगळं. शेजारी सेक्रेटरी तोंडावर हात ठेवून उभा होता. "बोटं माझ्या चुकीने गेली. त्याच्या नाही. तू दुकानात विचारलंस तेव्हा हेच सांगायचं होतं. जळत होतो म्हणून नाही सांगितलं. आता सांगतोय."

पलीकडे नुसती खरखर. मग दुसरा आवाज आला, सावकाश, मधात बुडवल्यासारखा. "कोण, माझा मित्र का रे? किती छान वाटलं तुझा आवाज ऐकून. तूही ये ना वर. फार सुंदर आहे इथे."

बूटवाल्याचे डोळे भरून आले. नऊ वर्षं हेच ऐकायला जीव आसुसला होता. त्याने हाताच्या पालथ्याने नाक पुसलं.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "मला गाढव म्हणाला नाही. बांध त्याला दोरीला आणि निघ."

"निघतो काका," खार म्हणाली. तिने आणखी एक शब्द विचारला नाही.

ती त्याला त्याच संध्याकाळी घेऊन निघाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बेस कॅम्पवर पोचली. अर्ध्या वाटेत चिक्कू चालायचा थांबला होता; तिथून पुढे चौघांनी आणला. मेंदूला सूज होती. रात्री वर गेला असता तर परत आला नसता, असं तिथला डॉक्टर म्हणाला. दोन दिवसांनी चिक्कू शुद्धीवर आला आणि चहा पांचट आहे म्हणून त्याने स्वयंपाक्याला झाडला, ही बातमी सेक्रेटरीने खुर्चीवर उभं राहून सांगितली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बूटवाला तेव्हा खोलीत नव्हता. तंबूतल्या लोकांनी चिक्कूला काय काय सांगितलं असेल, हा हिशोब तो दुकानात बसून करत होता.

मोहीम परतली. पहिल्या रविवारी बायकोने दहा वाजता आधण ठेवलं आणि साडेदहाला गॅस बंद केला. दुसऱ्या रविवारी ठेवलंच नाही.

एक दिवस दुपारी खार दुकानात आली. काउंटरवर त्रेचाळीस नंबरचे बूट ठेवले. बूटवाल्याला ते बूट बघायची गरज नव्हती; डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली, तो माणूस पाय तसाच टाकतो.

"त्याने पाठवले?"

"नाही. ते म्हणाले, दुसऱ्या कुणाकडेही टाक. मी इथे आणले." ती खुर्चीवर बसली. "काका, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"ते म्हणाले, नऊ वर्षं दर रविवारी मी शिक्षा भोगायला जात होतो. आता सुटलो."

बूटवाल्याने आरी उचलली, पुन्हा ठेवली. शिक्षा. दोन कप चहा, बारा वाजेपर्यंतच्या गप्पा, आणि ती शिक्षा. यातलं अर्धं तरी तसं नसेल असं त्याला वाटलं, पण हे आता कुणाला विचारणार?

"पुढच्या वर्षी पुन्हा जायचंय आम्हाला," खारीने पिशवीतून वही काढली. "मागच्या वेळी विचारलं तेव्हा तुम्ही मला हाकललंत. आज नाही हाकलायचं. सगळं सांगा."

त्याला राग आला, अजूनही आलाच. ती खुर्ची, ती वही, तो टोपण काढलेला पेन, सगळ्याचा आला. मग त्याने सांगायला सुरुवात केली. डाव्या कुशीवर झोपला की त्याला श्वास कमी पडतो, उजवीकडे वळव. उतरताना त्याचा डावा गुडघा आधी दगा देतो, तो सांगणार नाही, तूच दोरी आखूड धर. पाणी पितो म्हणेल, पीत नाही, बाटली उचलून बघ. भेगेशी आला की मोठ्याने बोलायला लागतो, म्हणजे घाबरलाय, तेव्हा हसायचं नाही. शिव्या घालतोय तोवर काळजी नाही. सांगता सांगता पाऊण तास गेला. खार मान खाली घालून लिहीत होती, आणि बूटवाल्याला वाटत होतं, घरातलं एक एक भांडं उचलून आपण हिच्या गाडीत ठेवतोय.

"आणि चिडले तर?" तिने विचारलं.

"चिडला तर समजवायला जायचं नाही. दोन दिवस तोंड फुगवून बसतो. तिसऱ्या दिवशी आपणहून येतो."

तिने लिहिलं, तिसऱ्या दिवशी. मग तिचा पेन थांबला. मोहीम परतल्याला त्या दिवशी त्रेचाळीस दिवस झाले होते, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

"येतो," बूटवाला म्हणाला. "नेहमी येतो. लिही."